अस्सलबरहुकूम

१

आईवडिलांनी त्याचं नाव काहीतरी चांगलंच ठेवलं असणार, पण कचेरीत लागल्यापासून त्याला सगळे बरहुकूम म्हणत, आणि हल्ली तर विजेचं बिल हातात आलं तरच त्याला स्वतःचं खरं नाव आठवायचं. काम नक्कल विभागात. कुणाला घराच्या जुन्या कागदाची नक्कल हवी असते, कुणाला वाटणीच्या, कुणाला स्वतः जन्मल्याची. अस्सल कागद तळघरातून वर यायचा, त्याची नक्कल तयार व्हायची, आणि मग रुजवात. म्हणजे समोर बसलेल्या वाचकबाईंनी अस्सल मोठ्याने वाचायचं, आणि बरहुकूमने नकलेवर बोट फिरवत ताडून बघायचं. काना, मात्रा, टिंब, खाडाखोड. सगळं जुळलं की जांभळा शिक्का: 'अस्सलबरहुकूम नक्कल'. त्यानंतर अस्सल परत तळघराच्या अंधारात, आणि नक्कल जगात हिंडायला मोकळी.

नियम एकच, पण पोलादी. अस्सलात चूक असली तर ती नकलेतही तशीच उतरली पाहिजे. आपलं शहाणपण चालवून दुरुस्त करायची नाही. कुणा जुन्या कारकुनाने मूळ पानावर चिरडलेली माशी पाहिली आणि एक ताजी माशी मारून नकलेत बरोब्बर त्याच जागी चिकटवली, ती मक्षिकास्थाने मक्षिकेची गोष्ट सगळं जग हसायला म्हणून सांगतं. बरहुकूम ती सांगताना गंभीर व्हायचा.

"माशीचे पायसुद्धा जुळवले असतील हो त्याने," असं म्हणायचा. "असा माणूस आता मिळणार नाही."

शिक्क्याची शाई नीट उतरते की नाही हे तो रोज सकाळी स्वतःच्या डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला, मारून बघायचा.

"कागदाचा काय दुष्काळ पडलाय का?" वाचकबाई विचारायच्या.

"कागद सरकारी आहे बाई. कातडं घरचं."

त्याच मनगटाच्या वरच्या बाजूला, हाडाशी, एक जुना व्रण होता. लग्न झाल्या झाल्या भाड्याच्या खोलीत खिडकीची काच निसटली, ती बायकोच्या मानेवर पडू नये म्हणून त्याने हात मध्ये घातला होता. तेव्हापासून त्या व्रणावर बायकोचा मालकी हक्क. रस्ता ओलांडताना, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना, टीव्हीसमोर, तिचा अंगठा आपोआप तिथे जाऊन बसायचा. तोंडाने मात्र कधी 'अहो'च्या पुढे गेली नाही. एकदा तो गमतीत म्हणाला होता, "मला एकदा तू म्हणून बघ की." तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "जीभ वळत नाही हो. तू म्हणते ते फक्त दादाला आणि मांजराला."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. फरशांचं मोठं दुकान, मोठा आवाज, मोठं मन आणि डाव्या मनगटावर ते घड्याळ.

२

त्या घड्याळाबद्दल खोटं बोलण्यात अर्थ नाही: ते सुंदर होतं. खोल पाण्यासारखी निळी तबकडी. पोलादी पट्टा असा की प्रत्येक कडी शेजारच्या कडीशी अदबीने बोलतेय. आणि सेकंदकाटा टकटकत चालायचा नाही, तर वाहायचा. रविवारी जेवणाच्या टेबलावर मेहुणा हात असा उचलायचा की जणू वेळ नावाची गोष्ट त्यानेच शोधून काढली. कुणी विचारत नसे, तो सांगायचा. बरहुकूमला हेवा वाटायचा नाही, हे त्याच्याबद्दल कबूल केलं पाहिजे. तो नुसता बघत राहायचा. चांगलं अक्षर दिसलं की कारकून बघतो, तसा.

एका रविवारी मेहुण्याने घड्याळ काढून त्याच्याच हातात ठेवलं.

"जावईबुवा, तुमच्या कचेरीच्या वाटेवर तो घड्याळवाला आहे ना? एक कडी कमी करून आणा. डॉक्टरने मला वाळवायचं मनावर घेतलंय, सैल होतंय."

"आणतो की."

"जपून हां. अस्सल आहे."

अस्सल. तो शब्द ऐकला आणि बरहुकूमच्या मनगटातून मुंग्या गेल्या.

घड्याळवाल्याचं दुकान बाजाराच्या जिन्याखाली. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने श्वास बाहेर उभं राहून घ्यायचा, एवढंच. काचेखाली घड्याळांच्या रांगा, प्रत्येक आपापल्या वेळेत रमलेलं. घड्याळवाल्याच्या एका डोळ्याला भिंग कायमचं चिकटलेलं होतं. ते काढलं तर खाली डोळा असेल की नाही, अशी शंका यावी. त्याने कडी काढली, पट्टा जुळवला. बरहुकूमने घसा खाकरला.

"अशी कॉपी मिळते का?"

"अशी मिळते," घड्याळवाला म्हणाला. "की हीच पाहिजे?"

"फरक काय?"

"अशी म्हणजे कंपनीच्या मालाची. लोक नेतात, चार महिने मिरवतात. ही म्हणजे ह्या घड्याळाची."

इथे दुसरा कुणी असता तर पहिलीच घेऊन घरी गेला असता. पण बरहुकूमच्या अंगात खातं संचारलं. "नक्कल ही नेहमी अमुक एका अस्सलाची असते," तो म्हणाला. "कंपनीच्या मालाची नक्कल हा शब्दप्रयोगच चूक आहे. मला हीच पाहिजे. अस्सलबरहुकूम."

"बघा हां. लोक असं म्हणतात आणि मग तक्रार घेऊन येतात."

"मी तक्रार करत नसतो. मी रुजवात करतो."

घड्याळवाल्याने पहिल्यांदाच मान वर केली आणि भिंगातून त्याच्याकडे आदराने पाहिलं.

३

नक्कल तयार झाली तेव्हा त्याने ती खरोखरच रुजवात करून घेतली. मेहुण्याला 'कडीला वेळ लागतोय' असं सांगून अस्सल ठेवून घेतलं होतंच. दोन्ही घड्याळं मखमलीवर शेजारी शेजारी. तबकडी, आकडे, काट्यांची टोकं, चावीवरचं नक्षीकाम, पट्ट्याच्या आतल्या बाजूला पडलेला घामाचा मळकट पट्टासुद्धा. सेकंदकाटे एकाच ओळीत वाहत होते, जणू एकच पाणी दोन पाटांतून.

"फरक नाही," बरहुकूम म्हणाला. कामावर प्रेम करणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं असं काम बघून होतं, तसं त्याचं झालं होतं. "काय हात आहे हो तुमचा."

"द्या हात, बसवून देतो." घड्याळवाल्याने त्याचं मनगट धरलं, उलटं केलं आणि थांबला. सकाळचा शिक्का तिथे होता. जांभळा, ठसठशीत. "वा. तुम्ही तर शिक्का मारूनच आलात."

"तो कागदासाठी असतो. शाई बघायला."

"पण पडलाय ना," घड्याळवाला म्हणाला, आणि त्यावरून पट्टा ओढून कळ लावली. टक्. "गॅरंटी अशी: फरक सापडला तर घेऊन या. परत घेईन. दुसरी कुठली तक्रार चालत नाही."

"फरक सापडला तर मीच राजीनामा देईन," बरहुकूम म्हणाला आणि दोघंही मनापासून हसले.

४

त्यानंतरचे दिवस बरहुकूमच्या आयुष्यातले सोन्याचे. घड्याळाने माणूस बदलत नाही म्हणतात, ते म्हणणाऱ्यांनी ते घड्याळ घातलेलं नसतं. त्याची पाठ सरळ झाली. मोठे साहेब, ज्यांनी आजवर त्याला टेबलाचाच एक भाग समजून फायली त्याच्यावर ठेवल्या, ते थांबून म्हणाले, "छान आहे." रुजवात करताना त्याचं बोट ओळीवरून फिरायचं आणि मागोमाग ती निळी तबकडी, जणू चंद्राला मागे घेऊन चाललाय.

"माझं वाचनात लक्ष लागत नाही," वाचकबाई म्हणाल्या. "खाली घाला ते बाहीत."

"बाही कापायची म्हणतोय."

बायकोने पाहिलं, हात धरला, अंगठा नेहमीच्या जागी न्यायला गेली, तर तिथे पोलाद. "माझी जागा बळकावली ह्याने," ती म्हणाली. पण हसत म्हणाली. कुठून आणलं, कसं आणलं, काही विचारलं नाही. बरहुकूमला वाटलं, फसली. थोडं वाईट वाटलं, थोडी गुदगुली झाली.

मग एका मंगळवारी, शिक्का मारताना, त्याला तबकडीच्या काचेवर ओरखडा दिसला. सातच्या आकड्याशी, तिरका, पापणीच्या केसाएवढा. आपण कुठे आपटलो हे आठवेना. एवढ्या जपलेल्या वस्तूवर पहिला ओरखडा पडला की माणूस घरातल्यांवर चिडतो. तो मांजरावर चिडला.

रविवारी मेहुण्याकडे जेवण. बरहुकूम आपलं घड्याळ लांब बाहीत लपवून गेला होता. मेहुण्याने हात उचलला, वेळ सांगितली. सातच्या आकड्याशी, तिरका, पापणीच्या केसाएवढा.

"हे काय झालं, दादा?"

"अरे, मंगळवारी गाडीच्या दारात. जीव हळहळला माझा."

बरहुकूमने बाही आणखी खाली ओढली. योगायोग, त्याची अक्कल म्हणाली. दोन माणसांना एकाच दिवशी शिंक येतेच की. मग मेहुणा हात धुवायला उठला आणि बेसिनपाशी त्याने घड्याळाची कळ उघडली. टक्. आणि टेबलाखाली, बाहीच्या आत, बरहुकूमच्या मनगटावर, कुणी हात न लावता: टक्. पट्टा सैल होऊन घड्याळ तळव्यात घसरलं.

तो ते धरून बसून राहिला. तिकडे नळ बंद झाला, मेहुण्याने घड्याळ पुन्हा चढवलं. टक्. बरहुकूमची बोटं आपोआप मिटली, पट्टा मनगटावर गेला. टक्.

"पोट भरलं नाही वाटतं," मेहुणा खुर्ची ओढत म्हणाला. "असे काय बघताय?"

५

घाबरायला हवं होतं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता, आणि त्याचं बरोबरच होतं. पण बरहुकूम आधी थक्क झाला. नक्कल म्हणजे काय? अस्सलाचा एका क्षणाचा फोटो. नकलेवर शिक्का पडतो आणि अस्सल पुढे जगत राहतं: फाटतं, वाळवी लागते, कुणी चहा सांडतं. नक्कल मागे राहते. आणि ही? ही मागे राहायला तयार नव्हती. ही नक्कल करून थांबली नव्हती, ती नक्कल करत होती. असं प्रामाणिक काम त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

कारकुनाच्या जातीला साजेसा प्रयोग त्याने केला. टाचणी घेऊन नकलेच्या पाठीवर एक बारीक रेघ ओढली. आपली स्वतःची. रात्री झोपताना ती होती. सकाळी नव्हती. पाठ गुळगुळीत, जणू कुणी रबराने खोडली.

"बरोबर," तो आरशासमोर पुटपुटला. "अस्सलात नाही ते नकलेत नको."

त्याच आठवड्यात, रुजवात चालू असताना, वाचकबाईंचं वाचन मध्येच थांबलं.

"अहो, तुमचं बोट."

नकलेवरच्या ओळीवर ठेवलेल्या डाव्या अंगठ्याचं नख त्याच्या डोळ्यांदेखत जांभळं होत होतं. मुळाशी आधी, मग पसरत, कापडावर शाई पसरावी तसं. दुखत नव्हतं. अजिबात नाही.

"लागलं कुठे?" बाई म्हणाल्या.

"नाही."

"मग?"

संध्याकाळी बायको फोनवर बोलत होती. दुकानात दादाच्या अंगठ्यावर फरशी पडली म्हणे, कळवळला नुसता. बरहुकूम दारात उभा राहून ऐकत होता, अंगठा मुठीत लपवून. दुखणं तिकडे होतं. इकडे फक्त नक्कल.

आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा आठवलं की टाचणीची रेघ कुठे गेली.

मेहुणा घड्याळ उतरवतो ती वेळ त्याला आता पाठ झाली होती. टक् झालं. बरहुकूमने पट्टा बाजूला केला, हात दिव्याखाली धरला. हाडाशी, वरच्या बाजूला, जिथे काच लागली होती, तिथे काही नव्हतं. कातडी लहान मुलासारखी सपाट. त्याने अंगठ्याने चाचपलं, जसं ती चाचपायची तसं. शेजारी एक तीळ होता. तो मेहुण्याचा.

आतल्या बाजूला मात्र शिक्का होता. पट्टा चढल्यापासून नवा मारला नसूनही, साबणाने घासूनही. जांभळा, ठसठशीत.

६

तिथून बरहुकूमने मेहुण्यावर असं प्रेम करायला सुरुवात केली की नात्यातल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं. "दादा, पट्टा लावून गाडी चालवा." "दादा, शिडीवर तुम्ही कशाला चढता, माणसं आहेत ना." "दादा, ती सिगारेट टाका बघू." दुकानात फोन, घरी फोन. मेहुणा बहिणीला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला माझा फार लळा लागलाय. विमा काढलाय की काय माझा?"

बायको खूश होती. "तुमचं आणि दादाचं एवढं जमेल असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "हल्ली तुम्ही त्याच्यासारखं शिंकता सुद्धा."

हे खरं होतं. आवाजही भरदार झाला होता. वाचकबाईंनी आल्याचा काढा सुचवला होता. दाढी करताना हनुवटी नेमकी कुठे संपते याचा अंदाज चुकू लागला होता. विनोद सांगताना तो टेबलावर हात आपटायचा आणि त्याला स्वतःलाच दचकायला व्हायचं. माणसं म्हणत, तब्येत सुधारली. जो तो कौतुक करत होता. हीच तर पंचाईत होती. वाईट झालं असतं तर कुणी ऐकूनही घेतलं असतं.

तो दुपारच्या सुट्टीत जिन्याखालच्या दुकानात गेला.

"फरक सापडला?" घड्याळवाल्याने विचारलं.

"सापडतच नाही. तीच तक्रार आहे."

"असं गिऱ्हाईक मी पहिलंच बघतोय."

"घड्याळाची नक्कल सांगितली होती मी. मनगट माझं आहे."

"शिक्का मनगटावर होता," घड्याळवाला म्हणाला. त्यात दुष्टपणा नव्हता. एका कामगाराने दुसऱ्याला नियमाची आठवण करून द्यावी तसं म्हणाला. "आमच्याकडे शिक्का बघून काम होतं. तुमच्याकडे कसं होतं?"



घड्याळवाल्याने त्याचा हात काचेवर ठेवून घेतला, भिंग जवळ नेलं. मनगटावरून दंडाकडे, दंडावरून मानेकडे. नाकाचा शेंडा त्याच्या कानाला लागेल इतका जवळ आला. "सुंदर," तो हळूच म्हणाला. "कानाच्या पाळीपाशी जरा... ते येईल. थोडा वेळ द्या."

"परत घ्या हे."

"फरक दाखवा, आत्ता घेतो. एक पुरे, शिक्का सोडून. अस्सलात आहे आणि नकलेत नाही, किंवा नकलेत आहे आणि अस्सलात नाही. शब्द दिलाय मी."

एक फरक. बरहुकूम जिन्याच्या पायरीवर बसून स्वतःलाच वाचू लागला, ओळीने, जसं बाई वाचतात तसं. व्रण: गेला. आवाज: गेला. शिंक, हसणं, हनुवटी. आईने ठेवलेलं नाव आठवायचा प्रयत्न केला. त्यासाठी बिल बघावं लागलं असतं. आणि मग त्याला सापडला. इतका मोठा फरक की आजवर दिसलाच नव्हता. जगात एक माणूस असं होतं, जे मेहुण्याला तू म्हणतं आणि त्याला अहो. कितीही वर्षं झाली तरी जिची जीभ वळत नाही. तिला इथे आणायचं. ह्या भिंगासमोर उभी करायची. तिने फक्त दोन अक्षरं म्हणायची.

तो उठला आणि धावतच निघाला. वाटेत दोघांनी त्याला नमस्कार केला. त्या दोघांना तो ओळखत नव्हता.

७

दार त्याने किल्लीने उघडलं. दुपार उतरत होती. स्वयंपाकघरात नळ चालू होता, भांड्यांचा आवाज, तिची पाठ. मांजर टेबलाखालून त्याच्याकडे बघून नेहमी पाहुण्यांना देतं तेवढीच किंमत देऊन डोळे मिटून बसलं. बरहुकूम दम खात उभा राहिला. आता ती म्हणेल, आज लवकर कसे हो?

"अगं बाई," ती मागे वळून न बघता, पावलांवरूनच ओळखून म्हणाली. "दादा, तू? ह्यांच्याकडची किल्ली मिळाली वाटतं."

त्याने तोंड उघडलं.

ती पदराला हात पुसत वळली. समोर होता तो. खिडकीतला सगळा उजेड त्याच्या तोंडावर. तिने नीट पाहिलं, हसली, खुर्ची पुढे ओढली. "बस ना. एवढा धापा टाकतोयस. वजन कमी कर म्हणून डॉक्टरने सांगितलंय, धाव म्हणून नाही." पाण्याचा पेला पुढे केला. पेला देताना तिची बोटं त्याच्या मनगटाला लागली आणि न थांबता पुढे गेली.

आणि तेवढ्यात, कुठेतरी लांब, एका बेसिनपाशी मेहुण्याने हात धुवायला घेतले असणार. टक्. पट्टा उघडला, घड्याळ टेबलावर पडलं.

तिने ते उचललं. उजेडात धरलं. सेकंदकाटा तिच्या तळव्यावर वाहत होता.

"काय देखणं आहे रे तुझं घड्याळ," ती म्हणाली. "तुला एक सांगू? त्यांना सांगशील नाहीतर. ह्यांनी पण असंच घेतलंय. नकली. मला काय कळत नाही का? पण मी ओळखलंय असं दाखवत नाही. इतके खूश असतात रे ते घालून. आरशापुढे हात असा करून उभे राहतात, बाही मागे सारतात, आणि मी आले की केस विंचरल्याचं नाटक करतात. मी तेवढ्यासाठी मुद्दाम आत जात नाही." ती हसली, आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. "एकच वाईट वाटतं. त्यांच्या हाताला एक खूण आहे, ती झाकते. बाकी अस्सलापेक्षा मला त्यांचंच आवडतं."

एवढं त्याच्याबद्दल कुणी, कधीच, बोललं नव्हतं. तिनेही नाही. तोंडावर ते कोण बोलणार? बरहुकूमने हात उलटा केला, शिक्का तिच्यापुढे धरला, ते दाखवायला की हा मी, हे रोजचं माझं. तिने जांभळी अक्षरं वाचली आणि मान हलवली.

"तुला पण लावलं का वेड त्यांनी? सगळ्यांना शिक्के मारत सुटतात."

ती खिडकीशी गेली. खाली रस्त्याकडे बघू लागली. उन्हात डोळ्यांवर हात धरून, टाचा उंच करून. ती अशी रोज उभी राहते हे त्याला ठाऊक नव्हतं. कसं असेल? तो नेहमी खाली रस्त्यावर असायचा.

"आज उशीर केला ह्यांनी," ती म्हणाली.

लांब नळ बंद झाला. त्याचा हात आपोआप टेबलाकडे गेला, बोटं घड्याळावर मिटली, पट्टा मनगटावर गेला. टक्. त्याने सगळा जीव गोळा केला, ती दोन वर्षांची असल्यापासूनचं, जे दादाचं, ते नाही, तिच्या मानेवर काच पडत होती त्या दिवसापासूनचं जे काही आपलं होतं ते सगळं घशाशी आणलं, आणि हाक मारली.

"येतील गं जावईबुवा," तो म्हणाला. "जातायत कुठे."

आवाज भरदार होता, थोडा बसका, शेवटी हसू मिसळलेला. इतका हुबेहूब, की क्षणभर त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं. खिडकीतून तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.